नक्की कुठं दुखतंय?

१९ जानेवारी २०२५. रविवारची संध्याकाळ. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल चालू होती आणि मी पुण्यात आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमिनीवर उकिडवी बसले होते. मागं सोफा रिकामा होता. पण खो-खो बघताना मला सोफ्यावर बसवतच नाही. पाटीत, म्हणजे मैदानावर आखलेल्या जागेत, बसल्यासारखं, टाचा उचलून, बोटं जमिनीला टेकवून बसलं की खेळ अंगात येतो. नेपाळविरुद्ध ७८-४०. आपल्या मुली जिंकल्या आणि कप्तान आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. शेवटची शिट्टी झाली तशी मी जागच्या जागी उसळले, खो मिळाल्यावर उसळतात तशी, आणि उजव्या मांडीच्या मागं, अगदी वर, ती जुनी कळ आली. मी तशीच अर्धी वाकलेली सोफ्याला धरून उभी राहिले. लेकीला वाटलं, आई आनंदानं रडतेय. दोन्ही खरं होतं.

ही कळ डिसेंबर १९९८ मधली आहे. मी एकोणीस वर्षांची होते, साताऱ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या, आणि आमचा शेवटचा डाव होता. तेव्हा मॅट नव्हती. माती, तीही खडबडीत, थंडीनं घट्ट झालेली. ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठजणी ओळीनं एकआड एक तोंड करून पाटीत बसलेल्या असतात, नववी धावते. जिला खो मिळतो ती उकिडव्या बैठकीतून क्षणात पूर्ण वेगात जाते. एकदा घेतलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. समोरची मुलगी मात्र हवी तशी वळते, मधल्या पट्टीतून आरपार निघून जाते. म्हणून पाठलाग करणारी नेहमी कमरेतून वाकून, हात जेवढा लांबेल तेवढा लांबवून धावते. मी खांबाच्या आधी तशीच वाकले होते. ती मुलगी माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. मी आणखी एक ढांग लांब टाकली आणि मागून कुणीतरी खडा मारावा तसं झालं. ‘टच्’ असा आवाज मला आतून ऐकू आला. वळून बघितलं, मागं कुणीच नव्हतं.

सर धावत आले. चांगले होते, पोटच्या पोरींसारखं वागवायचे आम्हाला. त्यांनी विचारलं, “कुठं लागलं गं?”

आता इथं थोडं थांबते, कारण पुढची सव्वीस वर्षं या एका प्रश्नाच्या उत्तरावर गेली. दुखत होतं ते मांडी संपते आणि बैठक सुरू होते त्या घडीत. बसलं की जे हाड टेकतं त्या हाडावर. पण चड्डीतल्या, मैदानात आडव्या पडलेल्या, भोवती दोन कॉलेजची पोरं जमलेल्या मुलीच्या तोंडून ‘कुल्ला’ हा शब्द निघणं शक्य नव्हतं. मी मांडीच्या मध्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “इथं.” सरांनी तिथं स्प्रे मारला, तिथं बर्फ धरला, तिथंच क्रेप बँडेज बांधलं.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मेसच्या काकूंनी लसूण आणि ओवा घालून तेल कडवलं आणि माझी मांडी अशी रगडली की मी उशीत तोंड खुपसून ओरडले. त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत काळंनिळं रक्त उतरलं. ताज्या फाटलेल्या स्नायूला पहिले काही दिवस रगडायचं नसतं, आतला रक्तस्राव त्यानं वाढू शकतो, हे मला खूप नंतर कळलं. काकूंना कोण सांगणार होतं? आमच्याकडे लागलं की तेल, लचकलं की तेल, आखडलं की तेल.

तीन आठवड्यांनी मी चालायला लागले, दोन महिन्यांनी पळायलाही. पण पुढच्या मोसमात दोनदा तीच जागा गेली, आणि खेळ सुटला.

दुखणं मात्र सुटलं नाही. ते शहाणं झालं. चालताना गप्प, झोपेत गप्प, बसलं की जागं. एसटीचं बाकडं, कार्यालयातली प्लास्टिकची खुर्ची, तीन तासांचं नाटक, पुणे-कराड गाडीनं. नाटकात मध्यंतरापर्यंत मी उजवी बाजू उचलून डावीवर भार द्यायला लागायचे. नवरा म्हणतो, लग्नाच्या फोटोतही मी तिरकी बसलेली आहे. योगाच्या वर्गात गेले तर बाई म्हणाल्या, मागच्या शिरा आखडल्यात, पश्चिमोत्तानासन वाढवा. मी जिद्दीनं वाढवलं. नाक गुडघ्याला लागलं आणि दुखणं दुप्पट झालं.

आमच्या भाषेत ‘शीर’ या शब्दाचे फार हाल आहेत. रक्तवाहिनी म्हणजे शीर, चेतातंतू म्हणजे शीर, स्नायूचा दोरीसारखा शेवट म्हणजेही शीर. शीर चढली, शीर दबली, शीर आखडली. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही समजल्यासारखं वाटतं आणि दोघं वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. उलट हातानं जे करायचं त्यासाठी किती नेमके शब्द आहेत! पाय चेपतात, अंग रगडतात, पाठ तुडवतात, मुरगळलेला घोटा चोळतात, बाळाला तेल जिरवतात, टाळू भरतात. प्रत्येक शब्दातला दाब वेगळा आणि नातंही वेगळं. आजीचे पाय कुणी रगडत नाही, चेपतात. पैलवान चेपून घेत नाही, रगडून घेतो. कोल्हापुरात आत्याच्या घराजवळ तालीम होती. मेहनत झाल्यावर पोरं एकमेकांची अंगं रगडायची, एक पालथा आणि दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही पंजांचा भार टाकून. मी खिडकीतून बघायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. शरीर वापरायचं, मग ते दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. मुलींसाठी असं ठिकाण नव्हतं. बाईच्या अंगाला दुसऱ्याचा हात हक्कानं लागायचा तो बाळंतपणात. आणि वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आईनं पाटावर बसवून तेल लावलं तर.

आजी जिवंत होती तेव्हा तिनं तिचा उपाय केला. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. आमच्या गल्लीत एक पायाळू मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा. आजीनं त्याला लाडू देऊन बोलावलं आणि मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. त्यानं लाजत लाजत माझ्या कमरेला पाय लावला. दुखत होतं वीतभर खाली. तेही मी आजीला सांगितलं नव्हतं.

त्या विश्वचषकाच्या रात्रीनंतर मात्र मी ठरवलं की आता हे अंगावर काढायचं नाही. आणि मनात पक्कं धरून चालले होते की मला हवाय तो मसाज. आतली गाठ कुणीतरी जाणत्या हातानं मोकळी केली की झालं.

पहिल्यांदा मी एका मॉलमधल्या स्पात गेले. मंद दिवे, पाण्याचा आवाज, आणि एक मेन्यूकार्ड: स्वीडिश, बालिनीज, डीप टिश्यू. (स्वीडिश हे नाव ज्या स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगवरून आलं, त्यानं १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली ती व्यायामाची. मसाजच्या हातांची आजची फ्रेंच नावं योहान मेझगर या डच डॉक्टरच्या नावावर सांगतात. म्हणजे या विद्येचं युरोपातलं मूळसुद्धा हालचालीत आहे, मेणबत्त्यांत नाही.) मी डीप टिश्यू घेतला, साठ मिनिटांचे अडीच हजार. मुलगी बावीस-तेवीसची, मणिपूरची, हातात ताकद होती. मी म्हटलं, मांडीच्या मागं जुनं दुखणं आहे. तिनं मान हलवली. केव्हाचं, कसं झालं, पायाला मुंग्या येतात का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, काहीच विचारलं नाही. तिला विचारायला कुणी शिकवलंच नसेल. तिनं कोपर घेऊन बरोबर त्या हाडाच्या शेजारी भार टाकला आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. “बहुत साल का लॅक्टिक अॅसिड जमा है, मॅडम,” ती म्हणाली. पुढचे चार दिवस मी ऑफिसात उभ्यानं काम केलं. तिच्यावर माझा राग नाही. दिवसात सहा-सात ग्राहक, प्रत्येकाचं अंग वेगळं, आणि हाताशी काही आठवड्यांचं शिक्षण. एवढ्यावर कुणाच्या जुन्या दुखापतीची जबाबदारी तिच्या कोपरावर टाकणंच चूक.

मग पंचकर्म. तिथले वैद्य शांत होते, नाडी बघितली, भूक, झोप, पोट सगळं विचारलं, आणि अजीर्ण असताना अभ्यंग करायचा नसतो म्हणून चक्क दोन दिवसांनी या म्हणाले. मला हे फार आवडलं. नाही म्हणता येणारा माणूस विश्वासाचा. दोन बायका दोन्ही बाजूंनी एका लयीत तेल लावायच्या, मी सात दिवस लहान मुलासारखी झोपले. अंग हलकं झालं, त्वचा उजळली, आणि आठव्या दिवशी खुर्चीत बसले तर ती जागा जशीच्या तशी. त्यांनी सगळ्या शरीराची काळजी घेतली होती. माझं दुखणं रुपयाच्या नाण्याएवढं होतं.

एका ठिकाणी मशिनं लावून दहा सिटिंग घेतले, तेही सांगून टाकते. गरम पॅक, गादीवरच्या वायरी, दहा मिनिटांनी टिंग. दहा दिवसांत उपचार करणाऱ्यांचा हात माझ्या पायाला लागला तो वायरी चिकटवताना. एका हाडवैद्यांकडेही गेले, पण त्यांनी पाय धरून झटका द्यायची तयारी केली तेव्हा मी उठून आले.

आणि मग मला आमच्या मावशी आठवल्या.

२००९ मध्ये लेक झाली तेव्हा त्या रोज सकाळी आठला यायच्या. धुणंभांडी नाही, फक्त बाळ आणि बाळंतीण. बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवायच्या, आंघोळ घालायच्या, धुरी द्यायच्या, मग मला. त्यांचे हात लहान, पंजा रुंद, अंगठा मागं वाकलेला. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पोटावर हात नुसताच ठेवला होता, दाबला नव्हता. टाक्यांचं विचारलं, रात्री ताप होता का विचारलं. एकदा माझी उजवी पोटरी सुजली होती आणि गरम लागत होती. मावशींनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, “ताई, एकाच पायाला सूज आहे, हे मी चोळायची नाही. आधी डॉक्टरला दाखवा.” त्या वेळी मला ते जास्तीचं वाटलं होतं. बाळंतपणात पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जायचा धोका असतो. माझं तसं निघालं नाही, पण मावशींनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. शाळा चौथीपर्यंत. सासूच्या हाताखाली सात वर्षं नुसती वाटी धरली, मग सासूनं बाळाला हात लावू दिला.

आता त्यांची साठी उलटली आहे. मी फोन केला तर दुसऱ्या दिवशी आल्या. मी पालथी झोपले आणि पहिल्यांदाच, बहुधा मावशी असल्यामुळे, खरी जागा दाखवली. साडीवरूनच त्यांनी बोटं टेकवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दुसरी बाजू चाचपली, परत पहिली.

“ताई, ही गाठ नाय. दोरीला पीळ बसल्यासारखं लागतंय, आन् हाडाला चिकटून हाये. हे माझ्या हातचं नाय. मी चोळीन, तुमाला बरं वाटंल, पण मी चोळायला नको.”

त्यांनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेल्या. मी दार लावून बराच वेळ तशीच उभी होते. इतक्या जणांनी हात लावला होता. आपला हात कुठं संपतो हे त्यांच्यातल्या या एकट्या बाईला माहीत होतं.

याच सुमारास कॅनडातल्या मिसिसागाच्या आतेबहिणीशी बोलणं झालं. तिचा खांदा धरला होता आणि ती मसाजला जात होती. तिकडे ओंटारिओत १९९१ चा मसाज थेरपीचा स्वतंत्र कायदाच आहे. नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही, पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. ती म्हणाली, “अगं, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीला हात लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घेतात. मला पहिल्यांदा कागद दिला तेव्हा मी वाचतच बसले.” मी फोन कानाला धरून गप्प झाले. कुणी कागदावर त्या जागेचं नाव लिहून, सही करण्याइतकं साधं करून ठेवलंय, हे मला आश्चर्याचं वाटलं.

आपल्याकडे ‘मसाज थेरपिस्ट’ या नावाला असं कायद्याचं कुंपण नाही. कुणीही पाटी लावू शकतो. पण भौतिकोपचाराला, म्हणजे फिजिओथेरपीला, आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचाराची राज्य परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी असते. २०२१ मध्ये केंद्रानंही या व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपीची पदवी तेव्हा साडेचार वर्षांची होती, त्यात सहा महिने इंटर्नशिप, वर क्रीडा किंवा अस्थि-स्नायूंची पदव्युत्तर दोन. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम हॉस्पिटलात हे शिक्षण सुरू झालं ते पोलिओ झालेल्या मुलांसाठी. म्हणजे हातांची हीही एक परंपराच. मशिनं तिच्यात नंतर आली. मग मी शोधाची रीत बदलली. जाहिरातीतलं ‘डीप टिश्यू’ बघायचं सोडून खेळाडूंकडे चौकशी केली, आता शाळेत खो-खो शिकवणाऱ्या जुन्या मैत्रिणीला विचारलं, आणि फोनवर आधीच तीन गोष्टी विचारायला लागले. नोंदणी क्रमांक काय, पहिल्या भेटीला किती वेळ देता, आणि हातानं तपासता का. दोघांनी पहिल्याच प्रश्नावर आवाज चढवला. तिसरीनं क्रमांक सांगितला आणि म्हणाली, “पहिल्या भेटीला पाऊण तास लागेल. सैल पँट घालून या. उपचार कदाचित त्या दिवशी होणार नाही.”

मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या. एक टेबल, रबरी पट्ट्या, भिंतीला टेकवलेली सायकल. डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी लिहून घेतलं: केव्हा, काय करताना, आवाज आला का, नंतर निळं पडलं का, किती खालपर्यंत. सकाळी उठल्यावर कसं, बसल्यावर किती मिनिटांनी सुरू होतं, चढावर की उतारावर. लघवीला काही त्रास, दोन्ही पायांत बधिरपणा, कुठल्या गोळ्या. मला कळत होतं की यातल्या काही प्रश्नांचा माझ्या मांडीशी संबंध नाही, दुसरं काही निसटू नये म्हणून आहेत. मग टेबलाच्या कडेवर बसवून पाठ वाकवली, मान खाली, पाय सरळ. त्यात ती कळ आली नाही. म्हणजे कंबरेतून येणारा चेतातंतू सुखरूप आहे, त्या म्हणाल्या. मग एका पायावर कंबर उचलायला सांगितली. डावीकडे जमलं. उजवीकडे मी सहा सेकंदांत थरथरायला लागले. सव्वीस वर्षं मी याला आखडलेपणा समजत होते.

मग त्यांनी विचारलं, “नक्की कुठं दुखतंय? एका बोटानं दाखवा.”

मी दाखवलं.

“इथं बसण्याच्या हाडाला बोट लावून बघायचंय मला. चादरीवरून. लावू का? नको वाटलं तर लगेच सांगा, दुसऱ्या रीतीनंही तपासता येतं.”

मला हो म्हणायला वेळ लागला. घसा दाटून आला होता. त्यांनी घाई केली नाही. बहुतेक त्यांनी हे आधी पाहिलं असावं.

त्यांनी जे समजावलं ते असं. मांडीच्या मागं तीन स्नायू असतात, त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात, आणि ते त्या बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. कंबर वाकली की ते ताणतात, गुडघा सरळ झाला की ताणतात, आणि कमरेतून वाकून पूर्ण वेगात धावताना दोन्हीकडून एकदम ताणतात. म्हणून पाठलाग करताना ते गेले. ते मुळापाशी फाटले होते. स्नायू सांधला, पण हाडाला चिकटलेला त्याचा दोरीसारखा भाग, कंडरा, कमकुवतच राहिला, आणि गेली कित्येक वर्षं तोच चिडलेला आहे. बसलं की तो हाड आणि खुर्चीच्या मध्ये दाबला जातो. पुढं वाकून ताण दिला की हाडावर आणखी दाबला जातो. म्हणून पश्चिमोत्तानासनानं वाढलं. त्याच्या शेजारूनच पायाचा सर्वांत मोठा चेतातंतू जातो, स्पातल्या कोपरानं वीज गेली ती तिथून. “आणि लॅक्टिक अॅसिड?” मी विचारलं. ते तर व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून जातं, त्या म्हणाल्या.

“मग मसाज?”

“करीन. पण त्या जागेवर नाही. तिथं जितकं रगडाल तितकं चिडेल. आजूबाजूचे स्नायू इतकी वर्षं त्याला सांभाळून घट्ट झालेत, ते मोकळे करीन. त्यानं तुम्हाला दोन-तीन दिवस बरं वाटेल. त्या दोन-तीन दिवसांत तुम्ही व्यायाम करायचा. त्या कंडरेला भार हवाय. तेल मी नाही लावलं तरी चालेल, पण भार तुम्हीच द्यायला पाहिजे.”

मी मसाज शोधत गेले होते आणि ज्या बाईला मसाजचं सगळ्यांत चांगलं ज्ञान होतं ती मला सांगत होती की दुखणाऱ्या जागेला हात लावू नका. मावशी हेच म्हणाल्या होत्या.

पुढचे महिने कंटाळवाणे होते आणि मी ते लांबवत नाही. उताणं झोपून, टाचा लांब ठेवून कंबर उचलायची आणि पंचेचाळीस सेकंद धरायची, पाच वेळा. वाकणं बंद, ताण देणं बंद. खुर्चीत उशी अशी की हाडाखाली पोकळी राहील. व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर एक पायरी मागं. पाचव्या आठवड्यात मी एक पायरी मागं आले, रडले, परत सुरू केलं. दर आठवड्याला वीस मिनिटं त्यांचे हात. दर वेळी नव्यानं विचारायच्या, “आज चालेल ना?” ऑगस्टमध्ये मी एक अख्खं संगीत नाटक दोन्ही बाजूंवर बसून पाहिलं.

गणपतीच्या आधी मावशी सहज भेटायला आल्या. कप उचलताना त्यांचा अंगठा थरथरला. मी बघितलं तसा त्यांनी पदराखाली घेतला. चाळीस वर्षं अंगठ्यानं दाबून दाबून त्याच्या बुंध्याचा सांधा झिजला होता. सकाळी वाटीचं झाकण निघत नाही, म्हणाल्या. मी त्यांना घेऊन मॅडमकडं गेले. मावशी टेबलावर बसायला तयार नव्हत्या, पाटावर बसते म्हणाल्या. शेवटी टेकल्या, पाय लोंबकळत, एवढ्याशा दिसायला लागल्या.

“हात लावू का?” मॅडमनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून.

मॅडमनी अंगठा तपासला, एक छोटी पट्टी बांधली, मग म्हणाल्या, “तुम्ही कसं दाबता ते दाखवा ना मला. अंगठ्याशिवाय कसं करता येईल बघू.” दाखवायला पाय हवा होता, म्हणून मला पालथं घातलं. पोटरीवर एकीचे हात, मग दुसरीचे. मॅडम मुठीच्या पाठीनं दाब कसा द्यायचा ते दाखवत होत्या. “हे बाळाला नाय चालायचं,” मावशी म्हणाल्या, “बाळाला तळवाच पायजे. पर बाळंतिणीच्या कंबरंला चालंल.” आणि त्यांनी तळवा कसा फिरवायचा ते माझ्या पोटरीवर दाखवलं, एकदा, मग मॅडमनी मागितलं म्हणून पुन्हा, सावकाश.